बोगदा, गायी आणि बटाट्याचे वेफर्स

‘करपलेली पोळी खाल्ली की कर्करोग होतो’ असा संदेश व्हॉट्सॲपवर वर्षातून दोनदा तरी फिरतो. त्यामागची खरी हकीकत सुरू होते स्वीडनमधल्या एका रेल्वे बोगद्यात.

1997 साली हालान्सोस डोंगरात बोगदा खणताना पाण्याची गळती थांबवायला जे रसायन भरलं, त्यात ॲक्रिलामाइड हे विषारी संयुग होतं. ते ओढ्यात झिरपलं. मासे मेले, गायी लुळ्या पडल्या. ॲक्रिलामाइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून राहतं, म्हणून कामगारांचं रक्त तपासलं आणि तुलनेसाठी बोगद्याशी संबंध नसलेल्यांचंही. गंमत म्हणजे या दुसऱ्या गटातही थोडं ॲक्रिलामाइड सापडलं! स्टॉकहोम विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञ मार्गारेटा टॉर्नक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना संशय आला शिजवलेल्या अन्नाचा. तळलेलं खाद्य दिलेल्या उंदरांच्या रक्तात ते वाढलं, आणि एप्रिल 2002 मध्ये स्वीडनने जाहीर केलं की वेफर्स, फ्रेंच फ्राइज, बिस्किटं या सगळ्यांत ते आहे.

आलं कुठून? बटाट्यात ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल मोकळ्या स्वरूपात भरपूर असतं. साधारण 120 अंश सेल्सिअसच्या वर त्याचा अमिनो गट ग्लुकोज किंवा फ्रुक्टोजच्या कार्बोनिल गटाशी जोडला जातो, पाण्याचा रेणू निघून जातो आणि ‘शिफ बेस’ नावाचा जोडरेणू तयार होतो. मग त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. उरलेला रेणू तुटतो आणि तीन कार्बनचा एक तुकडा वेगळा होतो, टोकाला अमाइड हा नायट्रोजन असलेला गट तसाच शाबूत ठेवून. तेच ॲक्रिलामाइड. अमाइडमधल्या नायट्रोजनच्या जागी जड नायट्रोजन (त्याचाच जास्त वजनाचा प्रकार) घातलेलं ॲस्पॅराजिन वापरलं, तेव्हा तोच नायट्रोजन ॲक्रिलामाइडमध्ये मिळाला. इतका स्वच्छ पुरावा रसायनशास्त्रात क्वचित मिळतो.

खमंग वास आणि सोनेरी रंग देणारी मेयार अभिक्रिया ती हीच. उकडताना पाणी तापमान शंभरावर जाऊ देत नाही, म्हणून उकडलेला बटाटा निर्धोक. बटाटेवड्यातली भाजीही ओलीच राहते, तापतं ते बाहेरचं आवरण.

यकृतात ॲक्रिलामाइडचं ग्लायसिडामाइड हे दुसरं संयुग होतं आणि ते डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला चिकटू शकतं. उंदरांना गाठी झाल्या, पण आपल्या आहारातल्या प्रमाणाच्या कैक पट मात्रेवर. माणसांवरच्या मोठ्या पाहण्यांतून ठोस संबंध अजून दिसलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1994 पासून ते ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलंय. हा गट पुराव्याचा भक्कमपणा सांगतो, धोका किती मोठा ते नाही. तंबाखू मात्र ‘निश्चित’ गटात आहे. तोंडात गुटख्याची पुडी रिकामी करत हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

कारखानदारांनी उपाय शोधलेत. बटाटा फार थंड जागी ठेवला की स्टार्चची साखर होते, म्हणून वेफर्सचे बटाटे 8 अंशांच्या आसपास किंवा त्याहून उबदार ठेवतात. ॲस्पॅराजिनेज हे विकर (एन्झाइम) वापरून ॲस्पॅराजिन आधीच मोडूनही टाकतात. युरोपात 2018 पासून वेफर्ससाठी किलोमागे 750 मायक्रोग्रॅम ही ॲक्रिलामाइडची मार्गदर्शक पातळी आहे. घरी काचऱ्या कापल्यावर थोडा वेळ पाण्यात ठेवाव्यात, साखर आणि ॲस्पॅराजिन दोन्ही काही प्रमाणात निघून जातात. आणि रंग सोनेरी झाला की झारा उचलावा, तपकिरी होईपर्यंत थांबू नये.