भोपळ्यातला दिवा गेला, खाऊ आला

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेत हॅलोविनसाठी (३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा भुताखेतांचा सण) शाळाशाळांतून मुलं नारिंगी कागदाच्या पट्ट्या वळून भोपळ्याचे डबे करायला बसतात. त्रिकोणी डोळे, विचकलेले दात, धरायला दोरी आणि आत गोळ्या-चॉकलेटं. हा भोपळा मुळात खाऊचा नव्हेच. तो होता कंदील.

आयर्लंडमध्ये ३१ ऑक्टोबरच्या रात्री सलगम हा कंद कोरून त्यात दिवा ठेवत. डोनेगल भागातल्या अशा एका सलगमाची प्लास्टरची प्रतिकृती तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो आक्रसलेला, दात काढलेला चेहरा बघितला की आजचे हसरे भोपळे किती निवळलेत ते कळतं. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश अमेरिकेला गेले. तिथे कोरायला भोपळा होता: मोठा, आतून पोकळ, सुरीला मऊ. (आपला लाल भोपळाही मूळचा अमेरिका खंडातलाच.)

हॅलोविनला दारोदार खाऊ मागण्याची रीत वेगळ्याच वाटेने आली. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गरीबगुरीब मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि मोबदल्यात ‘सोल केक’, म्हणजे मृतात्म्यांच्या नावाचे छोटे केक, नेत. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये मुलं सोंगं घेऊन फिरत, गाणं म्हणत, आणि सफरचंद, अक्रोड किंवा नाणं मिळवत.

कंदील आणि खाऊ जवळ आले ते कारागिरांच्या हातून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतून कागदाच्या लगद्याचे भोपळे अमेरिकेत येत. काहींत मेणबत्ती लावायची. डोळ्यांमागे पातळ रंगीत कागद असे, तो सहज पेटे, म्हणून धड राहिलेला नग आज दुर्मिळ. काही मात्र खास गोळ्या भरायलाच केलेले असत. पुढे अमेरिकी कारखान्यांनी तेच लगद्यातून काढले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकची बादली आली.

युद्धकाळात साखरेवर रेशन होतं, ते १९४७ मध्ये उठलं आणि खाऊचा पूर आला. पण मला मोलाची वाटते ती १९५० ची गोष्ट. फिलाडेल्फियातल्या मुलांनी दुधाची रिकामी खोकी सजवली आणि हॅलोविनच्या रात्री दारोदार खाऊऐवजी नाणी मागितली, युद्धाने होरपळलेल्या मुलांसाठी. जमलेले १७ डॉलर युनिसेफला पाठवले.