ढोम्याच्या डोक्यातला खडा

ढोम्याचं डोकं कालवणात घातलं की जेवताना कुणाच्या तरी दाताखाली हमखास खडा येतो. घरात नव्याने आलेली सून किंवा जावई असेल, तर मासा नीट धुतला नव्हता असाच त्यांचा समज होतो. पण तो खडा समुद्रातल्या वाळूतून आलेला नसतो, तो माशाने स्वतःच घडवलेला असतो. डोकं सावकाश फोडलं तर मेंदूच्या मागच्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे वालाच्या दाण्याएवढे दोन पांढरेशुभ्र खडे सापडतात. धुऊन पुसले की चिनीमातीसारखे दिसतात. एका अंगाला फुगीर असतात आणि दुसऱ्या अंगावर खाच असते, बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लासारखी, म्हणजे आधी गोल डोकं आणि मग वळलेली शेपूट. ढोमा, घोळ आणि त्यांच्या भाऊबंदांच्या खड्यांवर ही खाच इतकी ठरलेली आहे, की जाणकार नुसता खडा पाहून माशाचं कूळ सांगतात.

हे माशाच्या कानातले खडे. शास्त्रीय भाषेत ओटोलिथ, म्हणजे शब्दशः कानातला दगड. ढोम्याच्या एका जवळच्या गटाचं शास्त्रीय नावच ‘ओटोलिथिस’ आहे, एवढे याचे खडे ठळक. माशाला बाहेर कान नसतो, पण कवटीच्या आत दोन्ही बाजूंना आंतरकर्ण असतो आणि प्रत्येक बाजूला एक मोठा आणि दोन लहान असे तीन खडे असतात. खडा सूक्ष्म केसांच्या पेशींवर टेकलेला असतो. माशाचं अंग जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचं असल्यामुळे आवाजाची लाट आली की अख्खा मासा पाण्याबरोबर हलतो. खडा मात्र जड, तो किंचित मागे राहतो. तेवढ्या फरकाने केस वाकतात आणि माशाला ऐकू येतं. आपण तिरके आहोत की सरळ, वर चाललोय की खाली, हेही त्याला यावरूनच कळतं. आपल्या कानातही असेच कण असतात, फक्त धुळीएवढे बारीक. ते जागचे हलले की कूस बदलतानासुद्धा घर गरगरतं. ज्याने तो चक्करेचा आजार भोगलाय, त्याला या खड्यांचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

मासा वाढतो तसा खडाही वाढतो. पाण्यातून घेतलेल्या कॅल्शियमपासून बनलेलं कॅल्शियम कार्बोनेट आणि शरीरातलं एक प्रथिन यांचे थर एकावर एक चढत जातात. आता यातली खरी गोम अशी, की चढलेला थर पुन्हा कधी उतरत नाही. उपासमार झाली की मासा आपल्या खवल्यांतलं, हाडांतलं कॅल्शियम काढून वापरू शकतो, पण कानातल्या खड्याला हात लावत नाही. म्हणजे अंड्यातून बाहेर पडल्यापासून जाळ्यात सापडेपर्यंतची सगळी नोंद त्यात शाबूत राहते. थंड समुद्रात हिवाळ्यात वाढ मंदावते, उन्हाळ्यात जोर धरते, त्यामुळे झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उमटतात. जर्मनीतल्या कील इथे योहानेस रायबिश यांनी 1899 मध्ये प्लेस नावाच्या चपट्या माशाचं वय या वर्तुळांवरून काढलं. तिथून पुढे मासेमारीच्या शास्त्राला वयाचा हिशेब मांडता येऊ लागला.

वय कळल्याने काय एवढं बिघडतं-सुधरतं? खूपच. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत नॉर्वेच्या किनाऱ्यावर हेरिंग मासा एखाद्या वर्षी तुफान यायचा, एखाद्या वर्षी नाही, आणि लोक म्हणायचे की मासा दुसरीकडे गेला. योहान योर्ट या संशोधकाने 1914 मध्ये वेगळंच चित्र मांडलं. त्याच्या गटाने हेरिंगच्या खवल्यांवरची वर्तुळं मोजली होती (हेरिंगचे खवलेही वय सांगतात), आणि त्यांना दिसलं की वर्षामागून वर्षं जाळ्यात येणारा बहुतेक मासा एकाच साली जन्मलेला आहे, 1904 साली. त्या एका साली पिल्लं अफाट जगली होती आणि पुढची कित्येक वर्षं सगळं बंदर त्या एका पिढीवर पोट भरत होतं. आधीच्या-नंतरच्या वर्षांची पिल्लं नावापुरती. म्हणजे मासा कुठे गेलेला नव्हता. तो जन्मून जगलाच नव्हता. हा फरक केवळ शब्दांचा नाही. मासा दूर गेला असेल तर मोठी बोट घेऊन मागे जायचं, आणि पिल्लंच जगली नसतील तर हात आखडता घ्यायचा. दोन्ही निर्णय एकमेकांच्या नेमके उलट आहेत.

वय चुकलं की काय होतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात क्लेशदायक उदाहरण न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडचं आहे. ऑरेंज रफी नावाचा विटकरी-लाल मासा तिथे साधारण हजार मीटर खोल पाण्यात राहतो. 1970च्या दशकाच्या अखेरीस त्याची मोठी मासेमारी सुरू झाली. अंडी घालायला हा मासा समुद्राखालच्या डोंगरांवर दाटीने गोळा होतो, त्यामुळे जाळं सोडलं की काही मिनिटांत टनांनी वर यायचा. तेव्हा त्याचं आयुष्य वीस-तीस वर्षांचं धरलं होतं. त्या हिशेबाने दरवर्षी बराच मासा काढला तरी चालेल असं वाटलं. पुढे खडे आडवे कापून बारकाईने पाहिले तेव्हा वर्तुळं शंभराच्या वर गेली. कुणाचा विश्वास बसेना. मग तपासणीची दुसरी वाट काढली गेली. समुद्राच्या पाण्यातलं थोडं रेडियम खड्याच्या गाभ्यात अडकलेलं असतं आणि त्याचं ठरलेल्या वेगाने शिशात रूपांतर होत राहतं. गाभ्यातल्या रेडियम आणि शिशाच्या प्रमाणावरून वय निघतं. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन कामात सर्वांत जुना मासा 149 वर्षांचा निघाला. प्रौढ व्हायलाच त्याला पाव शतक किंवा त्याहून जास्त लागतं. म्हणजे ताटात आलेला मासा खाणाऱ्याच्या पणजोबांच्या वेळचा होता. तोवर कित्येक ठिकाणचे थवे जाळ्यात गेले होते. दीडशे वर्षांत साठलेली ठेव दहा-पंधरा वर्षांत उधळली गेली, आणि तीही कुणाच्या दुष्टपणाने नाही, एक आकडा चुकल्यामुळे.

यावरून संशोधक एक धडा पक्का शिकले. वर्तुळ दिसलं म्हणजे ते वर्षाचंच, असं गृहीत धरायचं नाही, पडताळून बघायचं. पडताळण्याची एक पद्धत मला फार आवडते. जिवंत माशाला टेट्रासायक्लिनच्या कुळातल्या औषधाचं इंजेक्शन द्यायचं, खूण करून सोडून द्यायचं. लहान मुलांचे दात ज्याने पिवळे पडतात म्हणून डॉक्टर जे टाळतात, तेच हे प्रतिजैविक, कारण ते कॅल्शियमला चिकटतं. त्या दिवशीचा थर अतिनील प्रकाशात चमकतो. दोन वर्षांनी तो मासा कुणाच्या जाळ्यात आला आणि चमकत्या रेषेबाहेर दोनच वर्तुळं दिसली, तर मोजणी खरी. अलास्कात तर सामन माशांच्या संवर्धन केंद्रात अंड्यांच्या आणि पिल्लांच्या पाण्याचं तापमान ठरवून काही अंश खालीवर करतात. खड्यावर गडद-फिक्या रेघांचा बारकोड उमटतो. मोठा होऊन परतलेला मासा केंद्रातला की नदीत जन्मलेला, हे मग भिंगाखाली वाचता येतं.

शार्क, मुशी, पाखट यांच्या कानात असे मोठे खडे नसतात. त्यामुळे ग्रीनलंड शार्कचं वय काढायला डोळ्याच्या भिंगाचा गाभा वापरावा लागला. 2016 मध्ये सर्वांत मोठ्या मादीचं वय सुमारे 392 वर्षं निघालं, चूकभूल 120 वर्षं इकडे-तिकडे. अगदी कमीत कमी धरलं तरी ती मादी पानिपतच्या लढाईच्या आधीची.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. इथे अडचण वेगळी आहे. आपला समुद्र बारा महिने उबदार. युरोपसारखा कडक हिवाळा नाही, मग खड्यावर वर्षाचं ठसठशीत वर्तुळ उमटायचं कसं? पावसाळ्यात पाणी गढूळतं, खारटपणा बदलतो, अंडी घालताना माशाची शक्ती तिकडे जाते. या सगळ्यांच्या खुणा खड्यावर राहतात, पण कोणती वर्षाची आणि कोणती नाही, हे सांगणं अवघड. शिवाय बांगड्यासारख्या वेगाने पोहणाऱ्या माशांचे खडे फारच चिमुकले, तांदळाच्या कणीसारखे. ढोम्याच्या डोक्यातून काढावेत तसे ते हाताला लागत नाहीत.

1971 मध्ये जॉर्जो पानेला यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन वार्षिक वर्तुळांमधले अतिबारीक थर मोजले. ते भरले 360च्या आसपास. रोज एक थर! माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे दहा-वीस दिवस सहज मावतात. उबदार समुद्रातल्या अल्पायुषी माशांच्या अभ्यासाला या शोधाने दार उघडून दिलं. वर्तुळ वर्षाचं दिसत नसेल तर दिवस मोजायचे. पिल्लू कोणत्या आठवड्यात जन्मलं, कोणत्या दिवसांत उपाशी राहिलं, इतकं बारीक वाचता येऊ लागलं. अर्थात हे काम जिकिरीचं. खडा राळेत बसवायचा, कागदाहून पातळ घासायचा, आणि एक घासा जास्त झाला की गाभाच गेला.

म्हणून आपल्याकडे जास्त भर लांबी मोजण्यावर राहिला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था 1947 साली स्थापन झाली, आणि तिची माणसं पिढ्यान्‌पिढ्या पहाटे बंदरांवर जाऊन मोजपट्टीवर मासे ठेवत आली आहेत. महिन्यामागून महिने हजारो मासे मोजले की एकाच वेळी जन्मलेल्या पिल्लांचा गठ्ठा आकड्यांत उंचवट्यासारखा दिसतो, आणि पुढच्या महिन्यात तो उंचवटा थोडा पुढे सरकतो. त्या सरकण्यावरून वाढीचा वेग निघतो. जोडीला माशाचं पोट उघडून गाभोळी तयार आहे का, तेही बघतात. कोणत्या लांबीला निम्म्या माद्या अंड्यावर येतात, तो आकडा त्यातून मिळतो. भिजलेल्या धक्क्यावर, लिलावाच्या गलक्यात, बर्फाच्या पाट्यांमधून हात घालून केलेलं हे काम आहे. त्याचं कौतुक क्वचितच कुणी करतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

2023 साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेट, म्हणजे आपला सरंगा, राज्य मासा म्हणून जाहीर केला आणि त्याच वर्षी 54 प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. हा आकार कुणी खुर्चीत बसून ठरवलेला नाही, तो अशा मोजणीतून आला आहे. तळहाताएवढ्या पापलेटांचे वाटे बाजारात दिसतात तेव्हा मला नॉर्वेचं 1904 साल आठवतं. त्यातली बरीच पिल्लं एकदाही अंडी न घालता आलेली असतात. पहिली अंडी घालायला त्यांना थोडे महिने मिळाले असते, तर एका पिढीची पुढची पिढी झाली असती.

दुसऱ्या टोकाचा विचार मात्र आपल्याकडे कमी होतो. लहान मासा सोडायचा, हे पटतं, पण थोराड मादीचं काय? 2018 मध्ये जगभरातल्या तीनशेहून अधिक जातींच्या माशांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की वजन दुप्पट झालं तर अंडी बहुतेक माशांत दुपटीहून जास्त होतात. 30 किलोची एक कॉड मादी 2 किलोच्या 28 माद्यांइतकी अंडी देते. 28 माद्यांचं वजन 56 किलो होतं, म्हणजे जवळजवळ निम्म्या वजनात तेवढंच काम. आपली घोळ मीटरभर लांब होते आणि पोटातल्या हवेच्या पिशवीपायी, भोतापायी, सोन्याच्या भावाने विकली जाते. जाळ्यात ती आली तर कोळ्याच्या वर्षाची ददात मिटते, त्याला सोडून दे म्हणणारी मी कोण? पण अशी एक घोळ किती लहान घोळींच्या बरोबरीची असते, हा हिशेब तरी आपल्या माशांसाठी मांडून समोर असायला हवा.

खडा पाण्याची हालहवालही सांगतो. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य नदीपेक्षा जास्त असतं, त्यामुळे नदी-समुद्र ये-जा करणाऱ्या माशाचा प्रवास खड्यातल्या थरांत वाचता येतो. 2009 मध्ये कॅलिफोर्नियात ढोम्याच्याच कुळातल्या व्हाइट सीबास माशाची पिल्लं कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या पाण्यात वाढवली. आम्लतेने खडे झिजतील असा अंदाज होता. झालं उलटं. सर्वाधिक कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात पिल्लांच्या खड्यांचं क्षेत्रफळ 15 ते 17 टक्क्यांनी मोठं भरलं. कानातला खडा असा जड झाला तर माशाचं ऐकणं आणि तोल यांवर काय परिणाम होईल, हा प्रश्न त्या प्रयोगाने उभा केला.

मागे मी एक खडा घरीच फोडून पाहिला. प्रयोगशाळेत करतात तसा, आडवा तोडून, चिमट्यात धरून गॅसच्या मंद ज्योतीवर क्षणभर फिरवला. थरांतलं प्रथिन करपून तपकिरी होतं आणि रेघा उठून दिसतात. केस जळल्यासारखा बारीकसा वास आला. सोनाराच्या भिंगाखाली धरला, तर मधल्या ठिपक्याभोवती गडद-फिक्या रेघा एकीत एक बसलेल्या दिसल्या. त्या वर्षांच्या, पावसाळ्यांच्या की गाभोळीच्या, हे मला सांगता येणार नाही. त्यासाठी अशा शेकडो खड्यांची, आणि प्रत्येक खड्याबरोबर माशाच्या लांबीची, ठिकाणाची आणि तारखेची नोंद लागते. नुसता खडा मुका असतो.

तेव्हापासून नारळी पौर्णिमेनंतर पहिला ढोमा घरी आला की मी तो कापण्याआधी टाचणपेटीतली मोजपट्टी काढते. आमच्या कोळीणमावशी विचारतात, “ताई, डोक्याचं काय करू, तुकडे?” मी म्हणते, “अख्खंच ठेवा.” संध्याकाळी दोन्ही खडे कागदाच्या पुडीत जातात आणि पुडीवर पेन्सिलीने लिहिते: ढोमा, 27 सेंटिमीटर, मादी, गाभोळी होती.