किलोमागे किती पडेल? इथाइल ॲसिटेटच्या प्लांटचा उत्पादन खर्च आम्ही कसा मांडतो

प्लांट टाकायचं ठरलं की ग्राहक पहिल्याच भेटीत विचारतात, "किलोमागे किती पडेल?" प्रश्न रास्त आहे. पण जागा, क्षमता, इंधन यांची चौकशी न करता कोणी लगेच आकडा सांगितला, तर त्यावर विसंबू नका. आमचा आकडा तुम्हाला स्वतः तपासता यावा, म्हणून हे पत्रक काढलं आहे. उदाहरणाला इथाइल ॲसिटेट घेतलं आहे. छपाईची शाई, रंग आणि पॅकेजिंगच्या धंद्यात हे सॉल्व्हंट लागतं, आणि त्याला लागणारं अल्कोहोल महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून मिळतं.

आधी वजनं, मग भाव

60 किलो ॲसेटिक ॲसिड आणि 46 किलो अल्कोहोल यांतून 88 किलो इथाइल ॲसिटेट आणि 18 किलो पाणी तयार होतं. म्हणजे 1 किलो मालाला, कागदावर, 682 ग्रॅम ॲसिड आणि 523 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल लागतं. बाजारात हे अल्कोहोल मात्र स्पिरिट म्हणून लिटरवर मिळतं आणि त्यात पाणीही असतं. 95 टक्क्यांचं धरलं तर सुमारे 0.70 लिटर. किलो-लिटरची गल्लत इथे झाली, तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

आता यील्ड, म्हणजे कागदावरच्या हिशोबापैकी प्रत्यक्षात हाती येणारा माल. समजण्यापुरते भाव धरू : ॲसिड 50 रुपये किलो, स्पिरिट 60 रुपये लिटर. कागदावर कच्चा माल 76.10 रुपयांचा होतो. यील्ड 95 टक्के आलं तर तो 80.10 वर जातो, 97 टक्के आलं तर 78.45 वर. रोज 10 टन, वर्षात 330 दिवस चालणाऱ्या प्लांटमध्ये हा फरक वर्षाला साधारण 54 लाखांचा होतो. म्हणून रिकव्हरीच्या कॉलमवर, म्हणजे उरलेलं ॲसिड-अल्कोहोल उकळून वेगळं करून परत मिळवणाऱ्या मनोऱ्यावर, थोडा जास्त पैसा घाला, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

ॲसिडवरच्या जीएसटीची वजावट मिळते, म्हणून तो खर्चात धरत नाही. वाहतूक धरतो.

वाफ

बऱ्याच अंदाजपत्रकांत वाफेसाठी एक ठोक रक्कम टाकलेली दिसते. ते आम्हाला मान्य नाही. ही अभिक्रिया उलटसुलट दोन्ही दिशांनी चालते. ॲसिड आणि अल्कोहोल वरच्याच 60 ला 46 या प्रमाणात घेतले तर जेमतेम दोन तृतीयांश रूपांतर होऊन ती थांबते. उरलेलं वेगळं करून पुन्हा फिरवावं लागतं. शिवाय इथाइल ॲसिटेट पाण्याला सोबत घेऊनच उकळतं, त्यामुळे ते कोरडं करायला आणखी ऊर्ध्वपातन (उकळून वेगळं करणं) आलं. प्रत्येक फेरीला वाफ जाते.

बॉयलरला इंधन म्हणून ब्रिकेट (शेतीतला काडीकचरा, भुसा दाबून केलेल्या कांड्या) घेतलं, त्याचं उष्मांक मूल्य किलोला 3600 किलोकॅलरी आणि बॉयलरची कार्यक्षमता 75 टक्के धरली, तर 1 किलो ब्रिकेटवर साधारण साडेचार किलो वाफ मिळते. तुमच्या भागातला ब्रिकेटचा पोहोच भाव घेऊन आम्ही वाफेचा दर काढतो, आणि मग प्रत्येक कॉलमचा भार वेगळा मांडतो.

सांडपाणी

10 टनांच्या प्लांटमध्ये अभिक्रियेतून आणि स्पिरिटमधून मिळून रोज सुमारे अडीच टन पाणी निघतं, धुण्याचं वेगळं. त्यात अल्कोहोल-ॲसिडचा अंश राहतो, म्हणून सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) चढतो. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा स्वतःचा प्लांट) चालवण्याचा खर्च, आणि एमआयडीसीत सीईटीपी (अनेक कारखान्यांचा सामाईक ईटीपी) असेल तर त्याचा आकार, दोन्ही आम्ही उत्पादन खर्चातच दाखवतो.

प्लांट चालो न चालो, होणारा खर्च

पगार, विमा, देखभाल, लॅब, घसारा. समजा हे सगळं वर्षाला 3.30 कोटी आहे. पूर्ण क्षमतेला किलोमागे 10 रुपये पडतात, 60 टक्के क्षमतेला 16.67. पहिल्या वर्षी प्लांट पूर्ण क्षमतेने चालेल असं आम्ही धरत नाही. बँकेला द्यायच्या तक्त्यातही नाही. क्षमता दुप्पट केली तर यंत्रसामग्री ढोबळमानाने दीडपटीत होते, म्हणून मोठा प्लांट स्वस्त वाटतो. पण तेवढं गिऱ्हाईक हाताशी आहे का, हे आधी पाहा.

पॅकिंगचा हिशोब सोपा आहे : 200 लिटरच्या ड्रममध्ये 180 किलो माल, ड्रमच्या किमतीला 180 ने भागा. टँकरने माल जाणार असेल तर तेवढंही नाही. माल उणे 4 अंश सेल्सिअसलाही पेटू शकतो, त्यामुळे फ्लेमप्रूफ (ठिणगीने बाहेर आग लागू न देणारी) मोटर आणि वायरिंग यांत काटछाट करून खर्च कमी दाखवायला आम्ही तयार होत नाही.

पहिल्या भेटीला येताना जागेचा तपशील, पाणी-विजेचे चालू दर, ॲसिड आणि स्पिरिटची ताजी कोटेशनं आणि पहिल्या वर्षी खात्रीने विकता येईल तो टनांचा आकडा आणा. अंदाजाचा तक्ता सूत्रांसह देतो. भाव बदलले की तुम्ही स्वतः आकडे टाकून पाहू शकाल.