पाच व्हॉल्व्हची माळ

न्यू जर्सीहून परतलेला एक मित्र तिथल्या जुन्या बाजारातून टेबल रेडिओ घेऊन आला. १९५०च्या दशकातला, बेकलाइटचा, ओंजळीत उचलता येईल एवढा. मागचा पुठ्ठा काढला तर आत बोटाएवढे पाच व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या निर्वात नळ्या: १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५ आणि ३५डब्ल्यू४. त्याने लगेच विचारलं, "हे १२, ५०, ३५ काय प्रकरण आहे? हाताला लागले ते व्हॉल्व्ह बसवलेत का?"

शंका रास्त होती. अमेरिकी पद्धतीत नंबराचा पहिला आकडा हीटरचा व्होल्टेज सांगतो. हीटर म्हणजे व्हॉल्व्हच्या पोटातली ती लालसर तार, जी कॅथोड तापवते आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढते. ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटांत बहुतेक व्हॉल्व्ह ६.३ व्होल्टचे असत. ६बीई६ आणि १२बीई६ यांत हीटर सोडला तर काहीच फरक नाही. मग सरळ सहाचे न घेता हा विचित्र संच कशासाठी?

बेरीज करून बघा. १२, १२, १२, ५० आणि ३५ मिळून होतात १२१. अमेरिकेतल्या घरांत तेव्हा वीज यायची ११७ व्होल्टच्या आसपास! पाचही हीटर गणपतीच्या मखरावरच्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागे एक जोडायचे आणि माळ थेट घरच्या विजेला लावायची. तांब्या-लोखंडाचा जड, महाग ट्रान्सफॉर्मर गेला. शिवाय ट्रान्सफॉर्मर डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चालत नाही, हा रेडिओ चालतो. मॅनहॅटनमधला उरलासुरला डीसी पुरवठा २००७ साली बंद झाला, यावरून त्या सोयीची किंमत कळेल.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. माळेत सगळ्यांतून एकच करंट वाहतो, इथे १५० मिलिअँपिअर. करंट ठरलेला असेल तर हीटरला किती शक्ती मिळणार हे फक्त व्होल्टवर ठरतं. १२बीई६च्या हीटरला जेमतेम १.९ वॉट मिळतात, स्पीकर वाजवणाऱ्या ५०सी५ला साडेसात. त्याला एवढी भूक का? ट्रान्सफॉर्मर नाही म्हणून प्लेटला, म्हणजे कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्याला, २५० व्होल्ट मिळत नाहीत, सव्वाशेच्या आतच भागवावं लागतं. एवढ्याशा व्होल्टेजवर स्पीकर वाजवायचा तर करंट जास्त हवा. जास्त करंट म्हणजे जास्त इलेक्ट्रॉन, त्यासाठी मोठा कॅथोड, आणि मोठा कॅथोड तापवायला जास्त वॉट. पन्नास हा आकडा कॅथोडच्या आकारातून आला आहे. पस्तीसचंही तेच, कारण ३५डब्ल्यू४ हा रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह, आणि सगळ्या व्हॉल्व्हच्या प्लेटचा करंट त्यातून जातो.

याआधीच्या सेटांत माळ ३०० मिलिअँपिअरची असे: ६.३चे तीन आणि २५चे दोन, म्हणजे ६९ व्होल्ट. उरलेले ४८ व्होल्ट प्लगच्या वायरीतच गुंडाळलेल्या रेझिस्टन्स तारेत जाळायचे, सुमारे १४ वॉट. वायर गरम व्हायची. लांब वाटली म्हणून कोणी ती कापली की व्हॉल्व्हवर जादा व्होल्टेज यायचं. १५० मिलिअँपिअरच्या नव्या व्हॉल्व्हनी ही उधळपट्टी संपवली.

माळेतला क्रमही ठरलेला. १२एव्ही६ बहुधा चासिसकडच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवतात त्या धातूच्या सांगाड्याकडच्या, टोकाला असतो. तो ऑडिओ सिग्नल पहिल्यांदा वाढवतो, त्यामुळे हीटरमधून कॅथोडमध्ये झिरपलेली गुणगुण पुढे कैकपट होऊन स्पीकरमधून ऐकू येईल. त्या टोकाला हीटर आणि कॅथोड यांच्यातला एसी व्होल्टेज सगळ्यात कमी. रेक्टिफायर दुसऱ्या टोकाला, विजेच्या बाजूला. त्याच्या हीटरला मध्येच एक टॅप काढून डायलचा दिवा जोडतात आणि प्लेटचा करंटही तिथूनच नेतात. म्हणून बटण दाबल्यावर दिवा आधी लख्ख होतो, मग मंदावतो आणि व्हॉल्व्ह तापल्यावर पुन्हा थोडा उजळतो. तो दिवा गेला तर लगेच बदलावा, नाहीतर सगळा भार हीटरच्या तेवढ्या तुकड्यावर पडून तो जळतो आणि माळ तुटून रेडिओ मुका होतो.

आपल्याकडेही दिसणाऱ्या युरोपीय धाटणीच्या एसी-डीसी सेटांत हाच हिशेब १०० मिलिअँपिअरवर आहे. यूसीएच८१ला १९ व्होल्ट, यूएफ८९ला १२.६, यूबीसी८१ला १४, यूएल८४ला ४५, यूवाय८५ला ३८. बेरीज १२८.६. आपल्या २३०मधले उरलेले शंभरेक व्होल्ट एक जाडजूड वायरवाउंड रेझिस्टर खातो.

जुन्या व्हॉल्व्हमध्ये 'रेड मर्क्युरी' नावाचं लाखमोलाचं द्रव्य असतं, अशी अफवा अधूनमधून फिरते आणि लोक चांगले रेडिओ फोडतात. असलं द्रव्य त्यात नाही. काचेच्या टोकाला आतून दिसणारा चंदेरी डाग बेरियमचा. आत उरलेला वायू शोषून घ्यायला तो ठेवलेला असतो. काच तडकून हवा शिरली की तो पांढरा पडतो.

मित्राला एकच ताकीद दिली. या सेटचा चासिस विजेच्या एका तारेला जोडलेला असू शकतो. दोन पिनांचा प्लग उलटा बसला तर तोच चासिस जिवंत होतो. बाजारातले २३०चे ११० करणारे स्वस्त स्टेपडाउन बहुधा एकाच गुंडाळीचे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, ते यापासून वाचवत नाहीत. दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळेपर्यंत रेडिओ कपाटावर ठेवला आहे.