पाऊस कमी, तरी पाय टाकाल तिथे चिखल: नोआटाकचं खोरं

अलास्काच्या वायव्येला नोआटाक नावाची नदी आहे, साधारण ६८० किमी लांब, अख्खी आर्क्टिक सर्कलच्या (उत्तर ध्रुवाभोवतीच्या काल्पनिक रेषेच्या) वर, आणि तिच्यावर एकही धरण नाही. इगिकपाक डोंगरावरून निघायचं, उत्तरेला डी लाँग आणि दक्षिणेला बेर्ड या डोंगररांगांच्या मधून पश्चिमेला जायचं आणि चुकची समुद्राला मिळायचं. खोऱ्याचा बराचसा भाग १९८० पासून संरक्षित आहे, आत रस्ताच नाही, जायचं तर छोट्या विमानाने.

आता गंमत बघा, इथला पाऊस आणि बर्फ मिळून आकडा दुष्काळी वाटेल असा, पण उन्हाळ्यात सपाटीवर जिकडे तिकडे तळी, दलदल, पाय घोट्यापर्यंत आत. कारण पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन. उन्हाळ्यात वरचा थोडासाच थर वितळतो, त्याखाली शेततळ्यात प्लास्टिक अंथरावं तसं सगळं पक्कं, पाणी मुरणार कुठे? थंडीमुळे फारशी वाफही होत नाही. मग ते वरच साचतं नाहीतर उतारावरून झरझर नदीत येतं, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की नदी पटकन चढते आणि हिवाळ्यात अगदी रोडावते. तरी काही ठिकाणी जमिनीखालचे झरे हिवाळ्यातही वाहतात, बाहेर आलेलं पाणी थरावर थर गोठत जातं आणि पात्रात बर्फाच्या जाड लाद्या तयार होतात, काही तर उन्हाळा आला तरी टिकून असतात.

पण आता हा गोठलेला थरच वितळायला लागलाय. कुठे उतार खचून गाळ नदीत येतो, आणि त्याहून विचित्र म्हणजे ब्रुक्स पर्वतरांगेतले (डी लाँग आणि बेर्ड हे तिचेच भाग) निदान ७५ ओढे आणि नद्या गंजासारख्या केशरी झाल्यात, असं २०२४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात आहे. बेर्ड डोंगरांच्या पलीकडची सॅल्मन नदी त्यातलीच. तिथे खाण वगैरे काही नाही हं! हजारो वर्षं गोठून बसलेल्या खडकातल्या पायराइटसारख्या, म्हणजे लोह आणि गंधक असलेल्या, खनिजांना आता पाणी आणि हवा लागते, त्यातून अ‍ॅसिड बनतं, ते लोह, जस्त, कॅडमियम असे धातू विरघळवून ओढ्यात आणतं. लोहाचा बारीक गाळ तळाच्या दगडगोट्यांवर बसतो, पाण्यातले किडे कमी होतात, माशांच्या अंड्यांना ऑक्सिजन मिळेनासा होतो, आणि इथल्या मूळ रहिवासी इनुपियाक लोकांचं जेवण बऱ्याच अंशी याच माशांवर चालतं.