टॅक्सीतून निघालेली प्रीमियर पद्मिनी विकायची आहे? रंग सगळ्यात शेवटी

"मुंबईत टॅक्सीला होती, आता गावी आणलीय. किती येतील?" आमच्या सांगलीच्या गॅरेजला हा फोन सारखा येतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षं. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली. 2023 च्या ऑक्टोबरात तिचीही मुदत संपली. तेव्हापासून दारातली प्रत्येक पद्मिनी 'व्हिंटेज' झाली, असा समज आहे. पण 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, आणि अशी गाडी ना धंद्याला लावता येते, ना रोज फिरवता येते. घरात डुक्कर फियाट, म्हणजे पद्मिनीच्या आधीची जुनी गोलसर फियाट, असेल तर जरूर विचारा. टॅक्सीतल्या पद्मिनीला मात्र भाव येतो तो कागदांवर आणि पत्र्यावर.

आणि इथेच घोळ होतो. खासगी नोंदणीसाठी काळा-पिवळा रंग काढावा लागतो, म्हणून लोक आधी रंगवूनच आणतात. मागच्या पावसाळ्यात मिरजेहून एक चकचकीत पांढरी गाडी आली. एनओसीच्या (ना-हरकत दाखल्याच्या) फॉर्मवर गाडीच्या पत्र्यावर कोरलेल्या चासी नंबरचा पेन्सिलीने ठसा लागतो. कागद धरून पेन्सिल फिरवली, तर नुसता काळा डाग. आकडे लांबीत, म्हणजे रंगाआधी पत्र्यावर भरतात त्या लुकणात, बुजलेले! ते न दुखावता मोकळे करण्यात चार दिवस गेले. दाराखाली स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर सरळ आत गेला. रंगाचे पैसे पाण्यात.

आम्ही लांबी खरवडून बघितल्याशिवाय भाव सांगत नाही, याचा काहींना राग येतो. पण या गाडीला वेगळी चासी नसते, सगळा भार बॉडीच घेते. तळ कुजला असेल तर वरची चकाकी घेणाऱ्याच्या काय कामाची?

तेव्हा गाडी आहे तशी आणा, धुतली नाही तरी चालेल. सोबत आरसी, परमिट जमा केल्याची पावती आणि कर्ज असल्यास ते फिटल्याचं पत्र. इंजिन बदललं असेल तर ते आरसीवर चढलंय का, तेवढं पाहून या. नोंदणी रद्द करून घेतलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणून द्या, असं कृपया सांगू नका. जुना मीटर, कॅरिअर, क्रोमच्या पट्ट्या भंगारात घालू नका. हौशी लोक त्याच आधी विचारतात. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडाही आहे तिथेच राहू द्या.

पहिल्या तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही. पत्रा, रंग आणि आरटीओची कामं एकाच छताखाली करून देतो, गिऱ्हाईकही बघून देतो. येण्याआधी गाडीच्या तळाचे दोन फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत, तर तुमची खेप वाचेल.