बॅककोर्टच्या जोड्या: एनबीएमधले सर्वोत्तम दोन-दोन गार्ड

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. बास्केटबॉलमध्ये एका टीमचे पाच जण कोर्टवर असतात, दोन गार्ड, दोन फॉरवर्ड आणि एक सेंटर अशी जुनी वाटणी, आणि त्यातल्या दोन गार्डना मिळून बॅककोर्ट म्हणतात. पॉइंट गार्ड बॉल वर आणतो आणि पास कुणाला, कधी द्यायचा ते ठरवतो, शूटिंग गार्ड लांबून बास्केट करतो. कागदावर एवढं सरळ आहे, पण जोडी म्हणून ज्यांचं नाव झालं त्यांच्यात हे कप्पे बहुतेक वेळा मोडलेलेच दिसतात, कधी दोघंही बॉल हाताळणारे तर कधी दोघंही शूटर.

सगळ्यात भारी जोडी कोणती हा वाद जुना आहे आणि बहुतेक लोक दोघांच्या पॉइंट्सची बेरीज करून मोकळे होतात. मला ते पटत नाही. बेरीज करायची असेल तर दोन चांगले खेळाडू कुठल्याही टीममधून उचलून शेजारी ठेवता येतील, जोडी म्हणजे एकाच्या असण्यामुळं दुसऱ्याचं काम किती सोपं झालं आणि समोरच्यांनी एकाला बांधून ठेवलं त्या दिवशी दुसऱ्यानं मॅच काढून दिली का, हे बघायला लागतं. म्हणूनच मायकल जॉर्डनची ६ विजेतेपदं असूनही या चर्चेत तो फारसा येत नाही, कारण त्याचा खरा जोडीदार स्कॉटी पिपेन, आणि तो फॉरवर्ड. कोबी ब्रायंट आणि डेरेक फिशर यांनी मात्र लेकर्ससाठी एकत्र ५ विजेतेपदं जिंकली, तरी जोडी म्हणून त्यांचं नाव कुणी घेत नाही, आणि हा फिशरवर थोडा अन्यायच आहे.

काळाचीही अडचण आहेच. बॉल चोरल्याची म्हणजे स्टीलची नोंद एनबीए १९७३-७४ पासून ठेवायला लागली, जिच्यामागून मारलेल्या बास्केटला तीन पॉइंट्स मिळतात ती थ्री पॉइंटची रेषा १९७९-८० मध्ये आली, २००४-०५ पासून ड्रिबल करणाऱ्याच्या अंगाला हात लावून त्याला अडवण्यावर कडक बंधनं आली आणि गार्ड लोकांना मोकळं रान मिळालं. म्हणजे १९६० मधल्या गार्डचे आणि २०१६ मधल्या गार्डचे आकडे समोरासमोर ठेवणं म्हणजे पाच दिवसांच्या टेस्टचा स्ट्राइक रेट आयपीएलशी लावून बघण्यासारखं.

पहिली मोठी जोडी बोस्टन सेल्टिक्सची, बॉब कूझी आणि बिल शारमन. कूझी सलग ८ सीझन असिस्टमध्ये म्हणजे बास्केट करून देणाऱ्या पासमध्ये लीगमध्ये पहिला होता, शारमन फ्री थ्रोच्या म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या टक्केवारीत ७ वेळा पहिला, आणि १९५७, १९५९, १९६० आणि १९६१ अशी ४ विजेतेपदं दोघांनी एकत्र घेतली. त्यांच्यामागून सॅम जोन्स आणि के. सी. जोन्स आले, नात्यातले नव्हेत. सॅम बोर्डवर आपटून बास्केट करायचा आणि के. सी. समोरच्या टीमच्या गार्डला श्वास घेऊ द्यायचा नाही. के. सी.ची ८ ची ८ विजेतेपदं सॅमसोबतचीच. अर्थात या सगळ्यांच्या मागे सेंटर बिल रसेल उभा होता, त्यामुळं श्रेय किती कुणाला द्यायचं हे सांगणं अवघड.

शारमन पुढं लेकर्सचा कोच झाला आणि त्यानं असिस्टंट म्हणून घेतलं ते के. सी. जोन्सला. म्हणजे १९७१-७२ च्या लेकर्सच्या बाकावर सेल्टिक्सचे दोन जुने गार्ड आणि कोर्टवर जेरी वेस्ट आणि गेल गुडरिच. त्या सीझनला गुडरिचची सरासरी मॅचमागे २५.९ पॉइंट्स आणि वेस्टची २५.८, वर वेस्ट असिस्टमध्येही लीगमध्ये पहिला! टीमनं सलग ३३ मॅचेस जिंकल्या, तो विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही, ६९ विजय आणि १३ पराभव असा सीझन झाला आणि त्याआधी ७ वेळा फायनलमध्ये हरलेल्या वेस्टच्या हाताला एकदाचं विजेतेपद लागलं. एका सीझनपुरतं बोलायचं तर याहून समसमान जोडी मला दुसरी दिसत नाही.

त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये जे घडलं ते मात्र जास्त शिकण्यासारखं आहे. वॉल्ट फ्रेझर निक्सचा आणि अर्ल मन्रो बाल्टिमोर बुलेट्सचा, १९६९ ते १९७१ सलग तीन वर्षं या दोन टीम प्लेऑफमध्ये म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत भिडल्या आणि मन्रोला अडवण्याचं काम फ्रेझरचं. मन्रोचे ते गरगर फिरून, मध्येच थबकून केलेले शॉट्स अडवता अडवता नाकी नऊ यायचे. नोव्हेंबर १९७१ मध्ये निक्सनं मन्रोलाच विकत घेतल्यासारखं ट्रेडमध्ये आणलं आणि सगळे म्हणायला लागले की दोघांना दोन बॉल द्यावे लागतील. बाल्टिमोरमध्ये २४ च्या आसपास सरासरी ठेवणारा मन्रो १९७२-७३ मध्ये १५.५ वर आला. पडला नाही, त्यानं स्वतःहून कमी केलं, पास द्यायला लागला, डिफेन्स करायला लागला, आणि त्याच सीझनला निक्सनं सात मॅचेसच्या फायनलमध्ये लेकर्सना ४-१ नं हरवून विजेतेपद मिळवलं. लोक या जोडीला रोल्स रॉइस बॅककोर्ट म्हणायचे. नुसते आकडे बघणाऱ्याला मन्रोचा खेळ उतरला असं वाटेल, पण ज्याला जोडी म्हणजे काय ते कळतं त्याला तिथंच मन्रोचं मोठेपण दिसेल.

मधली काही नावं भरभर घ्यायची तर सिएटलचे डेनिस जॉन्सन आणि गस विल्यम्स. १९७८ च्या वॉशिंग्टनविरुद्धच्या फायनलच्या सातव्या मॅचमध्ये जॉन्सननं १४ शॉट्स मारले आणि एकही गेला नाही, पुढच्याच वर्षी त्याच वॉशिंग्टनला हरवताना तो फायनलचा एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, आणि पॉइंट्स सगळ्यात जास्त विल्यम्सचे. लेकर्सचे मॅजिक जॉन्सन आणि बायरन स्कॉट यांची १९८५, १९८७ आणि १९८८ अशी तीन विजेतेपदं. युटाचे जॉन स्टॉकटन आणि जेफ हॉर्नासेक १९९७ आणि १९९८ ला फायनलपर्यंत गेले पण जॉर्डनपुढं अडले. सॅन अँटोनियोचे टोनी पार्कर आणि मनू जिनोबिली यांची ४ विजेतेपदं आहेत, पण जिनोबिली बऱ्याचदा बाकावरून उतरायचा म्हणून लोक त्यांना या यादीत धरायला कचरतात.

आता डेट्रॉइट पिस्टन्स. इसाया थॉमस १९८१ च्या ड्राफ्टमध्ये म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर आला, ६ फूट १ इंच, हसरा चेहरा आणि आतून निखारा. जो डुमार्स १९८५ ला अठराव्या क्रमांकावर, लुइझियानातल्या छोट्या कॉलेजातून आलेला, शांत, कुणाशी भांडण नाही तंटा नाही. या टीमला बॅड बॉइज म्हणायचे, धक्काबुक्की हीच तिची ओळख, आणि त्याच टीममधल्या डुमार्सच्या नावानं आज एनबीएची खिलाडूवृत्तीची ट्रॉफी दिली जाते. १९८८ च्या लेकर्सविरुद्धच्या फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये तिसऱ्या क्वार्टरच्या मध्येच थॉमसचा घोटा मुरगळला, तरी लंगडत खेळत राहून त्यानं त्या क्वार्टरमध्ये २५ पॉइंट्स केले, एकूण ४३, आणि तरी पिस्टन्स १०३-१०२ असे एका पॉइंटनं हरले. सातवीही गेली. पुढच्या वर्षी त्याच लेकर्सना ४-० नं धुतलं, डुमार्सची सरासरी २७.३ आणि एमव्हीपी तोच. खरं तर त्या फायनलमध्ये मॅजिक आणि स्कॉट दोघंही मांडीमागच्या स्नायूच्या दुखापतीनं गेले होते, समोरचं अख्खं बॅककोर्टच उरलं नाही, हे सांगितल्याशिवाय तो निकाल पूर्ण होत नाही.

१९९० ला पोर्टलंडविरुद्ध एमव्हीपी थॉमस, सरासरी २७.६. त्या फायनलची तिसरी मॅच सुरू व्हायच्या थोडं आधी डुमार्सचे वडील गेले, त्याला ते मॅच संपल्यावरच कळलं, आणि त्या मॅचमध्ये त्यानं ३३ पॉइंट्स केले होते, पिस्टन्स जिंकले होते. दोन सलग वर्षं, दोन विजेतेपदं आणि एमव्हीपी एकदा एक गार्ड, एकदा दुसरा. एकाला बांधलं तर दुसरा मॅच काढतो, या कसोटीवर इतका स्वच्छ पुरावा पुरुषांच्या लीगमध्ये दुसऱ्या जोडीचा नाही. आणि डिफेन्समध्ये १९८८, १९८९, १९९० सलग तीन वर्षं जॉर्डनच्या शिकागोला घरी पाठवलं, त्यात जॉर्डनच्या अंगावर मुख्यतः डुमार्स असायचा. दोघांना विश्रांती द्यायला विनी जॉन्सन होता, आल्या आल्या तापायचा म्हणून त्याला मायक्रोवेव्ह म्हणायचे, १९९० चा विजयी शॉटही त्याचाच.

डुमार्सनं पुढं पिस्टन्सचा कारभार हातात घेतला आणि २००२ मध्ये चॉन्सी बिलप्स आणि रिप हॅमिल्टन यांना आणलं. हॅमिल्टन चेहऱ्यावर मास्क लावून अख्खी मॅच स्क्रीनमागून म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्यांच्या आडून पळत राहायचा, बिलप्स थंड डोक्यानं बॉल पोचवायचा, २००४ ला शॅक आणि कोबीच्या लेकर्सना ४-१ नं हरवलं. २००८ च्या नोव्हेंबरात डुमार्सनंच बिलप्सला देऊन ॲलन आयव्हर्सनला घेतलं, नाव मोठं आलं पण घडी विस्कटली, टीम ३९-४३ वर घसरली. ज्यानं स्वतः जोडीत खेळून सगळं कमावलं त्याच्याच हातून हे व्हावं याचं मला अजूनही वाईट वाटतं.

गोल्डन स्टेटची जोडी आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, भारतात एनबीएच्या मॅचेस सकाळी सकाळी लागतात आणि २०१५ नंतर कितीतरी जणांनी ऑफिसला निघता निघता स्टेफन करी आणि क्ले थॉम्पसन बघितलेत. ड्राफ्टमध्ये करी २००९ ला सातवा, क्ले २०११ ला अकरावा. २०१४ मध्ये केविन लव्हसाठी क्लेला देऊन टाकायचं चाललं होतं, तेव्हा क्लबचा सल्लागार होता जेरी वेस्ट, तोच गुडरिचचा जोडीदार, आणि त्यानं ठाम विरोध केला. पुढं २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी ४ विजेतेपदं आली. २०१५-१६ मध्ये करीचे ४०२ थ्री आणि क्लेचे २७६, मिळून ६७८, आणि टीमचे ७३ विजय, जरी फायनल क्लीव्हलंडकडून ३-१ अशा आघाडीवरून गमावली.

पण थ्रीपलीकडं बघायला हवं. समोरच्या टीमचा सगळ्यात धोकादायक गार्ड क्ले अंगावर घ्यायचा म्हणून करीची ताकद हल्ल्यासाठी शिल्लक राहायची, आणि करीच्या मागं दोन-दोन माणसं धावायची म्हणून क्लेला मोकळी जागा मिळायची. डिसेंबर २०१६ मध्ये इंडियानाविरुद्ध क्लेनं २९ मिनिटांत ६० पॉइंट्स केले आणि त्यासाठी फक्त ११ ड्रिबल केले, म्हणजे बॉल हातात आला की सुटला. बॉल जवळ न ठेवता एवढं करणारा जोडीदार मिळणं हे करीचं नशीब. २०१६ ला ओक्लाहोमाविरुद्ध सहाव्या मॅचमध्ये टीम बाहेर जायच्या बेतात असताना ११ थ्री मारून वाचवलं ते क्लेनंच.

ज्यांचं जमलं नाही त्यांच्याकडूनही जोडीचं गणित कळतं. पोर्टलंडचे डेमियन लिलार्ड आणि सी. जे. मॅकॉलम दोघंही उंचीनं कमी, दोघंही बॉल हातात ठेवून शॉट बनवणारे, हल्ला जबरदस्त पण डिफेन्समध्ये एकाची उणीव दुसऱ्यानं झाकावी असं नव्हतं, २०१९ ला पश्चिम विभागाच्या फायनलपर्यंत गेले आणि गोल्डन स्टेटकडून ४-० नं हरले. ह्यूस्टनच्या जेम्स हार्डन आणि क्रिस पॉलनं २०१८ ला त्याच गोल्डन स्टेटवर ३-२ अशी आघाडी घेतली, पॉलची मांडी दुखावली, सातव्या मॅचमध्ये टीमचे सलग २७ थ्री चुकले.

महिलांच्या डब्ल्यूएनबीएमध्ये फीनिक्सच्या डायना टॉरासी आणि कॅपी पाँडेक्स्टर यांना मी या यादीत वरच ठेवीन. २००७ चं विजेतेपद आलं तेव्हा फायनलची एमव्हीपी पाँडेक्स्टर, २००९ ला टॉरासी, अगदी थॉमस आणि डुमार्ससारखं. त्यांची आठवण काढल्याशिवाय ही तुलना अर्धीच राहते आणि बहुतेक याद्या अर्ध्याच असतात.

माझा क्रम विचाराल तर करी आणि क्ले पहिले, कारण त्यांच्यानंतर सगळ्या लीगची शॉट मारायची जागाच मागे सरकली, शाळेतली पोरंसुद्धा रेषेच्या दोन पावलं मागून मारायला लागली. पण एक मॅच, शेवटची पाच मिनिटं आणि समोर जॉर्डन असेल तर मी थॉमस आणि डुमार्सना उतरवीन. क्ले २०२४ मध्ये डॅलसला गेला, त्याच नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत पाहुणा म्हणून आला तेव्हा प्रेक्षक त्याच्या बोटीच्या आवडीची आठवण म्हणून कॅप्टनच्या टोप्या घालून बसले होते, त्यानं ६ थ्री मारले, आणि शेवटच्या मिनिटांत करीनं एकट्यानं पॉइंट्सचा सपाटा लावून त्याच्याविरुद्ध ती मॅच काढली.